चिंचोका

बर्‍याच दिवसांनी लिहितोय. मधे दोन-तीन विषय डोक्यात घोळत होते, पण हा एक वाटेत आडवा पडला होता. तो बाजूला झाल्याशिवाय दुसरं काही लिहिणं जमेना. नातेवाईकांना आधीच सांगून ठेवतो, शेवटपर्यंत वाचा, मधेच फोन करू नका. सगळे सुखरूप आहेत.

तर माझ्या टेबलाच्या खणात धातूचा एक तुकडा पडलेला आहे. चिंचोक्याएवढा. तेलकट काळपट रंगामुळे दिसतोही तसाच. आमच्या घरात त्याचं नावच चिंचोका पडलं. ह्या चिंचोक्याने दोन वर्षं वीस घोडे अडवून धरले होते. दोन वर्षं म्हणजे, चार दिवस वजा जाता. त्या चार दिवसांबद्दलच लिहायचं आहे, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

मी स्टुटगार्टला आलो २००४ साली. वाई-सातारा-पुणे ह्या रस्त्यांवर मोटारसायकल घासलेला माणूस. इथे आल्यावर कळलं की भारतातलं लायसन्स फक्त सहा महिने चालतं, पुढे लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा पहिल्यापासून. कारची लगेच दिली. मोटारसायकलची राहिली ती राहिलीच. पोरगी लहान, घराचे हप्ते, वगैरे नेहमीचंच. शेवटी २०१६ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, माझ्या निम्म्या वयाच्या पोरांबरोबर शंकूंमधून गाडी वळवत परीक्षा दिली. चोविशी ओलांडलेली असेल तर इथे थेट ‘ए’ वर्गाचं लायसन्स मिळतं, मग हवी तेवढ्या ताकदीची गाडी चालवा. २०१८ मध्ये एक वर्ष वापरलेली कावासाकी झेड ६५० घेतली. दोन सिलिंडर, ५० किलोवॅट म्हणजे ६८ घोडे, वजन १८७ किलो. आरएक्स १०० च्या ११ घोड्यांवर कॉलेजची सगळी वर्षं काढलेल्या माणसाला हे म्हणजे फारच झालं. विम्यात सवलत जास्त मिळत होती म्हणून गाडी घेतली बायकोच्या नावावर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२२ मध्ये लेक अठरा वर्षांची झाली आणि सुट्टीत काम करून साठवलेले सगळे पैसे तिने मोटारसायकलच्या लायसन्सवर घातले. अठराव्या वर्षी मिळतं ते ‘ए२’. हा वर्ग २०१३ पासून युरोपभर आहे: गाडी ३५ किलोवॅटपर्यंत, आणि वजनाच्या दर किलोला ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त नाही. शिवाय मूळ गाडीच ७० च्या वरची असेल तर ती कापून ३५ वर आणणं नव्या लायसन्सवाल्यांना जर्मनीत २०१६ च्या अखेरीपासून बंद. त्याआधी ही मर्यादा २५ किलोवॅटची, म्हणजे ३४ घोड्यांची होती, आणि त्याच्याही आधी २७ घोड्यांची. इथल्या मोटारसायकलवाल्याचं वय काढायचं असेल तर त्याला विचारावं, तुझ्या वेळेला किती घोडे होते?

आता लेकीला वेगळी गाडी घ्यायला पैसे नाहीत आणि माझी गाडी ५० ची. उपाय एकच, माझी गाडी ३५ वर आणायची. जर्मनमध्ये ह्याला क्रियापद आहे, ‘ड्रोसेल्न’. आवळणं, घसा दाबणं अशातलाच प्रकार. गंमत म्हणजे ‘ड्रोसेल’ नावाचा पक्षीही असतो, आपल्याकडच्या कस्तुराचा भाऊबंद. पावसाळ्यात महाबळेश्वरला पहाटे माणसासारखी शीळ घालतो ना, तो शीळ कस्तूर, त्याच्या नात्यातला. गाणारा पक्षी आणि गळा दाबणं ह्याला एकच शब्द. असो.

मी ‘बघू’ म्हणालो. ‘बघू’ म्हणजे काय ते आपल्याला माहीत असतं, पण इथे वाढलेल्या पोरांना नसतं. तिला वाटलं मी खरंच बघतोय. आठवड्याने तिने सुट्या भागाची किंमत, तपासणीचे नियम, सगळं छापून माझ्यासमोर ठेवलं. बायको एकदम राजी. ती पोरीसाठी राजी आहे की माझ्यासाठी, हे मी विचारलं नाही.

इथे मला माझ्या दादाबद्दल सांगावं लागेल. (दादा, तू वाचतोयस हे माहीत आहे. तुला विचारूनच लिहितोय.)

राजदूत ३५० बर्‍याच जणांना आठवत असेल. यामाहाची आरडी ३५०, एस्कॉर्ट्सने १९८३ ते १९८९ भारतात बनवली. जपानची मूळ गाडी ३९ घोड्यांची. आपल्याकडे ती पेट्रोल फार पिईल म्हणून आधीच आवळून आणली, साडेतीस घोड्यांवर. नंतर आणखी आवळली, ती साधारण सत्तावीसची. पहिलीला एचटी म्हणायचे, दुसरीला एलटी. पण नुसती ताकदच कमी केली असं नाही. मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, तो काढून इथे ड्रम दिला. म्हणजे घोडेही कमी आणि लगामही कच्चा. ही गाडी ज्यांनी चालवली आहे त्यांना विचारा, आधी तिच्या पळण्याबद्दल बोलतील आणि मग तिच्या न थांबण्याबद्दल.

दादाने १९८९ च्या दिवाळीत जुनी राजदूत घ्यायची ठरवली तेव्हा बाबा आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मग कुणीतरी त्यांना समजावलं की ही एलटी आहे, मवाळ आहे, ती दुसरी असते ती वेडी. बाबांनी वाईच्या बसस्टँडजवळ चार लोकांना विचारून खात्री केली आणि मग होकार दिला. माझ्यासमोर म्हणाले होते, “एलटी आहे म्हणून.” जुलै १९९० मध्ये पसरणी घाट उतरताना, पावसात, एका वळणावर पुढे एसटी उभी होती. दादा वाचला. उजव्या मांडीत सळई बसली, पाय पाऊण इंच आखूड झाला. गाडी भंगारात गेली. दादा तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

तर हे सगळं पोटात असल्यामुळे मी ‘बघू’ म्हणत होतो असं सांगितलं तर ते शोभून दिसेल. पण खरं कारण ते नव्हतं. मला माझे वीस घोडे सोडायचे नव्हते.

शेवटी सोडले. ऑगस्ट २०२२ मध्ये गॅरेजवाल्याने तो तुकडा बसवला. काम अगदी साधं आहे. मूठ पिळली की इंजिनाकडे जाणार्‍या हवेच्या वाटेतली चकती उघडते. हा चिंचोका त्या वाटेवर अडसरासारखा बसतो आणि चकती पुरती उघडू देत नाही. बस. वेळ लागतो तो कागदांना. बसवणार्‍याचा दाखला घ्यायचा, मग तपासणी करणार्‍या इंजिनिअरकडे गाडी न्यायची. तो वाकून बघणार, तुकड्यावर कोरलेला नंबर प्रमाणपत्राशी ताडून बघणार, शिक्का मारणार. मग नोंदणी कार्यालयात वेळ घ्यायची आणि नवा नोंदणी कागद छापून घ्यायचा. त्या कागदावर ‘पी.२’ नावाची एक चौकट असते, तिच्यात ५० च्या जागी ३५ आले. गाडी बायकोच्या नावावर, त्यामुळे मला तिथे जायला तिचं सहीचं अधिकारपत्र लागलं. तिने पोळ्या लाटता लाटता सही केली. कागदावर पिठाचा अंगठा उमटला होता. कार्यालयातल्या बाईंनी तो नखाने खरवडून बघितला, पण काही बोलल्या नाहीत.

आता लोकांना वाटतं की ६८ चे ४८ घोडे झाले म्हणजे गाडी सदासर्वकाळ तीस टक्के मेली. तसं होत नाही. ताकद म्हणजे पीळ गुणिले फेरे. इंजिन सावकाश फिरत असताना त्याला हवा मुळात कमीच लागते, तेव्हा अर्धवट उघडलेली वाटही पुरते. ह्या गाडीचा पीळ जास्तीत जास्त ६५.७ न्यूटन-मीटर, तोही साडेसहा हजार आरपीएमला. हिशोब केलात तर ३५ किलोवॅट हे पाच हजारांच्या जरा पुढेच येऊन जातात. म्हणजे तिथपर्यंत गाडी जवळजवळ पहिल्यासारखीच. त्याच्या पुढे मात्र ती धापा टाकते. मूठ पिळा, ओरडा, काहीही करा, ती आपली आजारी माणसासारखी हळूहळू चढते. शहरात, गावात, ऑफिसला जाता-येता मला महिनोन् महिने काही फरक कळला नाही. हे मी तेव्हा कोणाला बोललो नाही.

कळला तो रविवारी. ऑफिसातले चौघं आम्ही महिन्यातून एकदा फिरायला जायचो. बाकी तिघांच्या गाड्या शंभर घोड्यांच्या वर. चढावर मी मागे पडायचो आणि ते वरती कॉफी घेऊन उभे असायचे. “लेकीची गाडी आली,” म्हणायचे. त्यात दुष्टपणा नव्हता, मीही हसायचो. पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला असं हसू किती दिवस पुरतं?

१० जून २०२३, शनिवार. दुसर्‍या दिवशी ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्याने जायचं ठरलेलं. बायको आणि लेक दोघी बाहेर गेलेल्या. मी गॅरेजमध्ये गेलो, टाकी उचलली आणि पाऊण तासात चिंचोका काढला. श्रीखंडाच्या जुन्या डब्यात मी नट-बोल्ट ठेवतो, त्यात टाकला. मनाशी म्हटलं, रविवारी रात्री परत बसवू. माझं लायसन्स तर पूर्ण आहे. कोणाचं काय जातंय?

जात होतं. कागदावर ३५ आणि लोखंडात ५० असं झालं की गाडीची रस्त्यावर येण्याची मंजुरीच संपते आणि विमा कंपनीला हात वर करायला जागा मिळते. मला हे माहीत होतं. आपण काय, “चालतंय की” म्हणत मोठे झालेलो.

रविवार छान गेला. दोन चढांवर मी त्या तिघांच्या बरोबर राहिलो. संध्याकाळी सहज हिशोब केला, दिवसभराच्या साडेतीनशे किलोमीटरमध्ये मी ते जास्तीचे वीस घोडे एकूण किती वेळ वापरले असतील? मिनिटभरसुद्धा नाही. घरी आलो, पाठ दुखत होती, झोपलो. सोमवारी ऑफिसला उशीर. मंगळवारी कंटाळा. बुधवारी सकाळी मी ट्रेनने ऑफिसला गेलो आणि लेक गाडी घेऊन रॉयटलिंगेनच्या मैत्रिणीकडे गेली. तिथून दोघी, आपापल्या गाड्यांवर, लिश्टेनश्टाइनच्या किल्ल्याकडे निघाल्या. होनाऊचा चढ. जागा माहीत नसेल तर वाईहून पाचगणीला चढताना जसं वाटतं तसंच समजा, फक्त रस्ता गुळगुळीत.

पुढचं तिने सांगितल्याप्रमाणे. समोर ट्रॅक्टर, मागे गवताच्या गठ्ठ्यांची ट्रॉली. पुढचा रस्ता मोकळा दिसत होता. दहा महिने ती ही गाडी चालवत होती. ओव्हरटेक करायला किती जागा लागते, गाडी कुठे धापा टाकते, हे तिच्या मनगटात बसलेलं. तिने नेहमीसारखा गिअर उतरवला आणि नेहमीसारखी मूठ पुरती पिळली, कारण पुरती पिळली तरी फार काही होत नाही हे तिला ठाऊक होतं. ह्या वेळी झालं. गाडी सहा हजारांवर गेली आणि तिथून पुढे सुटली. ट्रॅक्टर कधी मागे पडला ते कळलं नाही आणि वळण समोर आलं. तिने ब्रेक दाबला. हाताखाली एबीएसची थरथर जाणवली म्हणे. वळण निभावलं, पांढर्‍या रेषेच्या बाहेरून.

हे तिने मला लगेच सांगितलं नाही. मी घरी आलो तेव्हा ती जेवत होती. आईशी परीक्षेबद्दल बोलत होती. मग मी कचर्‍याचा डबा ठेवायला खाली गेलो तेव्हा मागून आली.

“बाबा, गाडीला काय केलंस?”

“कुठे काय?”

“साडेपाच हजारांच्या पुढे ती थांबत नाही.”

मी काहीतरी बोलणार होतो. काय, ते आता आठवत नाही. तिने होनाऊचं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. तिच्या जागी मी असतो तर चढवला असता. मग म्हणाली, “मी आज लायसन्स नसताना गाडी चालवली. मला माहीत नव्हतं, तुला माहीत होतं.” इथे हा नुसता दंडाचा मामला नाही, फौजदारी गुन्हा आहे. आणि गाडी चालवू देणार्‍या मालकालाही तेच कलम लागतं. मालक म्हणजे कागदावर कोण, ते तुम्हाला वर सांगितलंय. पण खरं सांगू, त्या क्षणी कलम वगैरे काही डोक्यात नव्हतं. मला फक्त ती ट्रॉली दिसत होती. आणि त्या ट्रॉलीच्या जागी एसटी.

“कुठे आहे तो?” ती म्हणाली.

मी श्रीखंडाचा डबा काढला.

“आत्ता बसव. मी टॉर्च धरते.”

पाऊण तासाचं काम दीड तास चाललं, हात थरथरत होते. ती पूर्ण वेळ टॉर्च धरून उभी होती, एकदाही हात बदलला नाही. झाल्यावर तिने स्वतः मूठ पिळून बघितली, चकती कुठे अडते ते वाकून बघितलं, अगदी त्या तपासणीवाल्यासारखं. वर जाताना म्हणाली, “आईला तू सांगायचंस. मी सांगणार नाही. पण तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही.”

आईने विचारलं नाही. ती कशाला विचारेल?

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी पहाटे वाईला फोन लावला, तिथे सकाळ झाली होती. दादा दुकान उघडत होता, शटरचा आवाज आला. सगळं सांगितलं. मला वाटलं दादा शिव्या घालेल. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बारक्या, ती एलटी नव्हती राहिली.”

“म्हणजे?”

“सातार्‍याच्या एका मिस्त्रीकडनं मी ती खोलून घेतली होती. पोर्ट घासून घेतले, सायलेन्सर बदलला. अपघाताच्या आधी दोन महिने. बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते बिचारे एसटीवाल्याला दोष देत गेले.”

तेहेतीस वर्षं हे मला माहीत नव्हतं. बाबा जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. मी विचारलं, सांगायचं का नाहीस? तो म्हणाला, “रोज वाटायचं, उद्या सांगू. मग पाय बरा झाला.” तेवढ्यात गिर्‍हाईक आलं आणि त्याने फोन ठेवला.

आता तुम्हाला वाटेल, हे ऐकून मी त्याच दिवशी बायकोला सगळं सांगितलं असेल. नाही सांगितलं. मीही उद्या सांगू असंच म्हणत राहिलो, सव्वा वर्ष.

सप्टेंबर २०२४ मध्ये लेकीने वरच्या वर्गाची परीक्षा दिली. दोन वर्षं झाली की ‘ए२’ वरून ‘ए’ ला जायला लेखी परीक्षा नसते, फक्त रस्त्यावरची. पहिल्याच फटक्यात पास झाली. मग चिंचोका रीतसर काढला, त्याच इंजिनिअरचा शिक्का घेतला, आणि नोंदणी कार्यालयाची वेळ ठरवली. त्यासाठी पुन्हा बायकोचं अधिकारपत्र. मी कागद आणि पेन तिच्यासमोर ठेवलं.

“ह्या वेळीही माझीच सही?” ती हसत म्हणाली.

आणि मग मी सांगितलं. उभ्या उभ्याच. दादाचं सोडून सगळं. त्याचं मी त्याला विचारून नंतर सांगितलं.

तिने पेनाला टोपण लावलं. “कुठला बुधवार?”

“चौदा जून. मागच्या वर्षीचा.”

थोडा वेळ आठवत बसली. मग म्हणाली, “त्या दिवशी निघताना मी तिला म्हटलं होतं, सावकाश जा गं. तर म्हणाली, आई, गाडीच सावकाश आहे.”

आणि उठून आत गेली.

सही तिने चार दिवसांनी केली. कार्यालयाची वेळ टळली होती, दुसरी घ्यावी लागली, ती तीन आठवड्यांनंतरची मिळाली. आता पी.२ च्या चौकटीत पुन्हा ५० आहेत. गाडीची किल्ली पूर्वी दारामागच्या खिळ्यावर असायची, हल्ली बायकोच्या पर्समध्ये असते. लेकीला ती मागावी लागत नाही, नुसतं सांगितलं तरी मिळते. मला मागावी लागते.